काखेचे गुण

वृंदा खांबेटेला आयुष्यातली पहिली नोकरी मिळाली ती नाकामुळे, आणि तीही चव्वेचाळिसाव्या वर्षी.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत एका परदेशी कंपनीची माणसं आली. त्यांनी क्लबहाऊसमध्ये गृहिणींना जमवलं, समोर बारा छोट्या बाटल्या मांडल्या आणि डोळे मिटून वास ओळखायला सांगितलं. बाकीच्या बायका चार-पाच बाटल्यांवर अडल्या. वृंदाने बाराच्या बारा ओळखल्या आणि वर विचारलं, "भैया, आपका ये डिब्बा कहीं भीगा था क्या? पुठ्ठ्याला कुबट वास येतोय." डबा खरंच परवाच्या पावसात भिजला होता. चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं.

तिचे यजमान भालचंद्र शास्त्री भवनातल्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते. बावीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून दोन वर्षांपूर्वीच ते या नव्या फ्लॅटमध्ये आले होते. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घर सुनं झालं होतं, तेव्हा बायकोने नोकरी करायला त्यांची ना नव्हती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"सेन्सरी असेसर. म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

"ही कंपनी काखेत मारायचे फवारे बनवते ना, ते चालतात की नाही ते बघायचं."

"कसं बघायचं?"

"लोकांच्या काखांचा वास घेऊन."

भालचंद्ररावांनी पत्राची घडी घातली. ती टेबलावर ठेवत म्हणाले, "ऑफिसात मी क्वालिटी कंट्रोल म्हणून सांगेन."

त्यांचा विरोध नोकरीला नव्हता, फवाऱ्याला होता. जेवताना हा विषय निघाला की त्यांचा घास हातातच राहायचा. "दोन वेळा स्वच्छ आंघोळ करणाऱ्या माणसाला याची गरजच काय? आमचे अण्णा नव्वद वर्षं जगले, त्यांच्या जवळून कधी कुणी नाक मुरडून उठलं नाही. बाजार खुला केला म्हणून काय आमच्या काखेत शिरणार? आधी रोग सांगायचा, मग औषध विकायचं. सीधी बात आहे!" आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन ते खुर्चीत रेलत. वृंदा भांडी उचलायला लागायची.

ट्रेनिंग आठ दिवसांचं होतं. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. कातडीवरचे जंतू त्यावर पोसले जातात आणि वास ते करतात. एका प्रकारची बाटली त्या जंतूंना आवरते आणि वर सुगंध घालते, दुसऱ्या प्रकारची घामच कमी करते. कुणाला वास जास्त, कुणाला कमी, आणि काही जण जन्मतःच असे असतात की त्यांना तो येतच नाही.

"मग त्या लोकांनी बाटली कशाला घ्यायची?" वृंदाने विचारलं.

बाई हसल्या. "आपल्याला येत नाही हे त्यांना कुठे ठाऊक असतं?"

काम सोपं होतं. चाचणीला येणाऱ्या पुरुषांना आठवडाभर बिनवासाचा साबण वापरायला लावायचे. मग एका काखेत कंपनीचा फवारा, दुसरी तशीच. तासाभराने ते एका हिरव्या पडद्यामागे उभे राहत. पडद्याला खांद्याच्या उंचीवर भोक होतं, त्यातून फक्त उचललेला हात आणि काख दिसायची. अलीकडे वृंदा आणि आणखी तीन बायका एकेक करून यायच्या, वीतभर अंतरावरून वास घ्यायच्या आणि कागदावर शून्य ते पाच गुण लिहायच्या. पाच म्हणजे असह्य. चेहरा दिसायचा नाही, बोलायचं नाही, गुण कुणाला सांगायचे नाहीत. पहिल्या दिवशी वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवसांत ती काखा तपासता तपासता संध्याकाळच्या भाजीचा विचार करायला लागली.

मार्चअखेर सतरा नंबरचा माणूस आला. तिने पडद्याजवळ नाक नेलं आणि तिला मराठी ऐकू आलं. पलीकडे कुणीतरी पुटपुटत होतं, "कलम दोनशे ऐंशी, वित्त आयोग... कलम तीनशे बारा, अखिल भारतीय सेवा..."

ती थबकली. मग वास घेतला. पुन्हा घेतला. फवारा न मारलेल्या काखेला साबणाचासुद्धा वास नव्हता. नुसतं धुतलेलं कातडं. तिने शून्य लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात शून्य, तिसऱ्या आठवड्यात ऊन चाळिशीला टेकलं तरी शून्य. बाकीच्या तिघींच्या कागदांवरही शून्य.

एका दुपारी गेटबाहेर बसची वाट बघत एक सडपातळ मुलगा उभा होता. दोन्ही कोपर बरगड्यांना गच्च चिकटवलेले, हातात वही, आणि ओठ हलत होते. वृंदाने आवाज ओळखला.

"सतरा नंबर का रे तू?"

मुलगा दचकला. "तुम्ही मराठी? आपण... म्हणजे पडद्यापलीकडे तुम्ही असता?" त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव हरिदास माने. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंबचा, शाळामास्तरांचा मुलगा. करोल बागेत एका खोलीत तिघं राहून तो सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी करत होता. लेखी परीक्षा यंदाही पास झाला होता, मे महिन्यात मुलाखत होती. चाचणीला तो पैशांसाठी येत नव्हता.

"काकू, इथे खरा आजार कळतो असं ऐकलं म्हणून आलो. गेल्या वर्षी मुलाखतीत पडलो ते याच्यामुळेच."

"कशामुळे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "घामाच्या वासामुळे. रूमपार्टनर म्हणाला, यार, तू गावाकडचा, तुला येतो आणि तुला कळत नाही. मग मुलाखतीत मी हात असे दाबूनच बसलो. पाऊण तास. एका मेंबरने विचारलंसुद्धा, थंडी वाजतेय का म्हणून. मे महिन्यात, काकू! मार्क फार कमी पडले."

वृंदा त्याच्याजवळ सरकली. नियम नियमाच्या जागी राहिला. "अरे, ऐक माझं. गुण सांगायचे नसतात, तरी सांगते. तुला वास येत नाही. अजिबात नाही. चार बायकांनी तीन आठवडे बघितलंय. शून्य!"

हरिदासने तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आली, पण विश्वास आला नाही.

"तुम्ही आपला माणूस म्हणून बोलताय."

"मी कशाला खोटं बोलू?"

"आईपण असंच म्हणते," तो म्हणाला.

तिने परोपरीने सांगितलं. जंतू सांगितले, जन्मजात गुण सांगितला. तो मान हलवत ऐकत राहिला, पण कोपर काही बरगड्यांपासून सुटले नाहीत. शेवटी म्हणाला, "काकू, शून्य असेल तर कंपनी मला दर आठवड्याला का बोलावते? काहीतरी असल्याशिवाय का?" हाच प्रश्न तिने स्वतः मॅनेजरला विचारला होता आणि मॅनेजर म्हणाला होता की मॅडम, फॉर्म आधीच छापलेत.

मग त्याने हळूच विचारलं, "एखादी बाटली मिळेल का?"

तिने पर्समधली नमुन्याची बाटली काढून दिली. खरं सांगून जे झालं नाही ते या बाटलीने झालं तर होऊ दे, एवढाच विचार तिने केला.

त्यानंतर हरिदास चाचणीला आला नाही. वृंदा अधूनमधून वर्तमानपत्रात निकालाची बातमी शोधायची.

जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. हरिदास होता. कंपनीच्या गेटवर पत्ता विचारून आला होता, हातात बर्फीचा डबा. त्याने दारातच वाकून दोघांना नमस्कार केला.

"काकू, झालं! पोलीस सेवा मिळेल बहुतेक. रँक चांगली आहे."

भालचंद्ररावांनी त्याला कोचावर बसवलं, कूलर त्याच्याकडे वळवला आणि भावी अधिकाऱ्याशी बोलावं तसं ते बोलायला लागले. हरिदास मात्र वृंदाकडे वळला.

"सगळं त्या बाटलीमुळे."

"अरे, अभ्यास तू केलास."

"अभ्यास गेल्या वर्षीही केला होता. ऐका तर. मुलाखतीच्या आधी आठ दिवस मी दिवसातून चार वेळा फवारा मारला. रिस्क नको म्हणून. आदल्या दिवशी दोन्ही काखा लालभडक! पुरळ उठलं. हात खाली घेतला की आग व्हायची. चालतासुद्धा येईना. तसाच गेलो. आत गेल्यावर हात अंगाला लावणं शक्यच नव्हतं, म्हणून असा बसलो." त्याने बसून दाखवलं. पाठ ताठ, छाती पुढे, कोपर बाहेर काढून हात खुर्चीच्या दांड्यांवर. एखादा कप्तान बसावा तसा. "चेअरमन म्हणाले, व्हेरी कॉन्फिडंट पोश्चर, एनसीसीत होतास का? मी म्हटलं, नाही सर. म्हणाले, नॅचरल आहे मग. त्यानंतर भीतीच गेली. आणि आग इतकी होत होती की उत्तरं फटाफट देऊन बाहेर पडायची घाई होती. त्यांना वाटलं, हजरजबाबी."

वृंदा हसू दाबत म्हणाली, "म्हणजे वास गेला म्हणून नाही, पुरळ आलं म्हणून झालं हे."

"तेच तर म्हणतोय, काकू," हरिदास शांतपणे म्हणाला. "बाटली लावली नसती तर पुरळ आलं असतं का?"

जाताना त्याने नवी बाटली कुठे स्वस्त मिळेल ते विचारून घेतलं.

सोमवारी कंपनीत तिने गंमत म्हणून हे सांगितलं आणि पस्तावली. मॅनेजर नीरज खुर्चीतून उठलाच. "मॅडम, ये तो कमाल है! गाँव का लडका, डिओ लगाया, अफसर बन गया! पहले स्कोर कितना था उसका?"

"शून्य."

"और लगाने के बाद?"

"शून्य."

नीरजने फॉर्म पुढे ओढला. मग त्याचा चेहरा उजळला. "बढ़िया. बाद वाला लिख लेते हैं."

खोटं काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यात करोल बागेत, मुखर्जी नगरात, जिथे जिथे परीक्षेची पोरं राहत तिथे तिथे फलक लागले. त्यावर कोट घातलेला, हात पसरून बसलेला एक तरुण होता आणि लिहिलं होतं की फवाऱ्यानंतर वास शून्य, चार तज्ज्ञांची खात्री. त्या चार तज्ज्ञांपैकी एक वृंदा होती. फलक बघून तिला वाटलं, नोकरी सोडावी. पण पगार साठवून आणलेली वॉशिंग मशीन नुकतीच लागली होती, आणि शिवाय सकाळी तयार होऊन बाहेर पडण्यात काय सुख असतं हे तिला चव्वेचाळीस वर्षांनी कळलं होतं. तिने नोकरी सोडली नाही. नीरजला एवढंच सांगितलं की पुढच्या फॉर्मवर "गरज नाही" असा एक रकाना ठेवा. तो म्हणाला, बिल्कुल, आणि रकाना कधी आला नाही.

हरिदासची गोष्ट भालचंद्ररावांच्या मात्र मनात राहिली होती. एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन, शर्ट काढून, बनियनवर ते पंख्याखाली बसले. दोन्ही हात डोक्यामागे गेले.

"बघ, त्या पोराला काही नव्हतं, तरी बाजाराने त्याच्या डोक्यात भरवलं. मी म्हणत होतो ते हेच! बरं, एक सांग. गंमत म्हणून. माझे किती गुण?"

वृंदा गवार निवडत होती. तिने सांगावं की न सांगावं याचा विचार केला. मग तिला वाटलं, एवढ्या लोकांचे गुण प्रामाणिकपणे लिहिले, घरच्या माणसाचा काय अपराध?

"तीन," ती म्हणाली. "उन्हाळ्यात साडेतीन."

"पाचपैकी?"

"हो."

पंखा घरघरत राहिला. भालचंद्ररावांनी हात खाली घेतले, डावीकडे मान वळवून एकदा हुंगलं, उजवीकडे एकदा हुंगलं.

"मला तर काहीच येत नाही. अगं, दिवसभर ते भलभलते वास घेऊन तुझं नाक बिघडलंय. शक्य तरी आहे का? आमच्या ऑफिसला जाणाऱ्या चार्टर्ड बसचंच बघ. लोक दाराला लटकत येतात, पण माझ्या शेजारची सीट दोन वर्षांत कुणी घेतलेली नाही. का? मान ठेवतात. जवळ आला की माणूस आपोआप मागे सरतो."

वृंदाने त्यांच्याकडे बघितलं. शेंग तिच्या हातात तशीच राहिली. मग ती म्हणाली, "तेही खरंच," आणि निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने वाण्याकडून तुरटी आणली; जंतूंना तीही आवरते. रोज पहाटे ती त्यांच्या आंघोळीच्या बादलीत तुरटीचा खडा चांगला दोन मिनिटं फिरवायची आणि पाणी निवळ झालं की हाक मारायची. भालचंद्ररावांना यातलं काही कळलं नाही. पाणी हल्ली बरं येतंय, एवढं एकदा म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी ते संध्याकाळी घरी आले ते चिडूनच. ब्रीफकेस कोचावर टाकली.

"या नोएडात काही रीतभात राहिलेली नाही," ते म्हणाले. "आज एक पोरगा बसमध्ये चढला, सरळ माझ्या शेजारी येऊन बसला. विचारलंसुद्धा नाही. आणि पुढच्या स्टॉपला माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला!"