तिला विचारून झालंय

सकाळी साडेनऊला मुलगी आईची चाकांची खुर्ची ढकलत प्रयोगशाळेत आली. आईची वेणी सोडली, केस विंचरले, टाळूवर लेप लावला. मग तंत्रज्ञबाईंनी तारांची टोपी चढवली. मुलगी चौदा वर्षांची. तिच्या वर्गातल्या मुली या वेळी गणिताच्या तासाला बसलेल्या असत.

आई शिवणकाम करायची. मेंदूत रक्तस्राव झाला आणि अंग, वाचा सगळं गेलं. पापण्यासुद्धा तिच्या ताब्यात राहिल्या नाहीत, जेवणही नळीतून द्यावं लागे. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? दीड वर्ष तिच्या वतीनं नवराच बोलत होता. शिलाई मशीन देऊन टाकायचं? तिला विचारून झालंय. मुलीची शाळा सोडवायची? तिला विचारून झालंय, तिचीच इच्छा आहे. विचारलं कसं, हे एकाही शेजाऱ्यानं, एकाही शिक्षिकेनं विचारलं नाही. आजारी आईची सेवा म्हटलं की सगळे कौतुकानं माना डोलावतात. मुलगा असता तर सोडवली असती का हो त्याची शाळा?

प्रयोगशाळा सरकारी पैशावर चालणारी, म्हणजे तुमच्या-आमच्या. ‘हो’ म्हणायचं असेल तर हातानं मशीनचं चाक फिरवतेय असं मनात आणायचं आणि ‘नाही’ असेल तर पायानं पायडल मारतेय असं, ही युक्ती तंत्रज्ञबाईंची. हातपाय हलले नाहीत तरी मेंदूत ती हालचाल उमटते, तारा ती टिपतात आणि पडद्यावर शब्द येतो. तीन महिने आईनं मनातल्या मनात मशीन चालवलं.

आज पाहणीला समिती आली होती. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दिवा लागलाय का, ही तुमची मुलगी का, असे माहीत असलेले वीस प्रश्न झाले. वीसही उत्तरं बरोबर. “यंत्र अगदी चोख आहे साहेब, चुकत म्हणून नाही,” नवरा सांगत सुटला, जणू त्यानंच ते बनवलं होतं.

समितीतल्या एका बाईंनी मुलीला इयत्ता विचारली. उत्तर बापानंच दिलं: शाळा सोडली, आईच्याच इच्छेनं. मग आत्ताच विचारा की त्यांना, बाई म्हणाल्या. तो बिनधास्त पुढे झाला.

“मुलीला घरी ठेवलं ते तुझ्याच मर्जीनं ना?”

पडद्यावर शब्द आला: नाही.

नवरा हसला, यंत्र बिघडलं म्हणाला. तंत्रज्ञबाईंनी प्रश्न उलटा करून विचारला, मुलीनं शाळेत जावं का? पडद्यावर आलं: हो.

मुलगी आईच्या खुर्चीला धरून रडू लागली. प्रयोगशाळेचे प्रमुख मध्ये पडले. हा प्रश्न यादीत नाही, घरगुती मामला आहे, नोंद करू नका, असं ते म्हणाले. तंत्रज्ञबाईंचं डोकं फिरलं.

“सर, लोकांनी पैसा दिला तो दिवा लागलाय की नाही एवढंच कळायला?”

दोन्ही उत्तरं त्यांनी वहीत शाईनं लिहिली आणि समितीतल्या बाईंची सही घेतली.

घरी गेल्यावर बापानं फर्मावलं, उद्यापासून प्रयोगशाळा बंद. यंत्र नाही तर उत्तरही नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आखूड झालेला गणवेश घातला. आईला नळीतून काय, कधी, किती द्यायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. पातळ जेवणाचं भांडं बापाच्या हातात दिलं आणि दप्तर उचललं. आईला असं टाकून चाललीस, तिला काय वाटेल, असं तो ओरडला.

“तिला विचारून झालंय,” मुलगी म्हणाली आणि निघाली.

बाप भांडं घेऊन खुर्चीसमोर उभा राहिला. नळी कशी उघडायची, हे दीड वर्षात त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं.