वरून मीठ

"आजही अळणी," लेक ताटाकडे बघत पुटपुटली, जेमतेम आईला ऐकू जाईल इतकं.

"गपचूप वरून घे," आई ओठ न हलवता म्हणाली आणि तिने टेबलाखालून मिठाची डबी लेकीच्या मांडीवर सरकवली.

समोर बाप मन लावून जेवत होता. बटाट्याची भाजी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. ताटाशेजारी कोरा कागद होता. काल त्याच्या हातचे दोनशे पाव कॅन्टीनमधून परत आले होते; एकातही मीठ नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. कॅन्टीनवाल्यांना लेखी खुलासा हवा होता, तोही इंग्रजीत. बेकरीचा मालक म्हणाला होता, काहीतरी पटेलसं लिहून आण, तरच तुला भट्टीवर ठेवता येईल.

"लिही गं," तो लेकीला म्हणाला. "एवढी शिकलीस, होऊ दे उपयोग."

लेकीने पेन उचललं. "'इनॲडव्हर्टन्स' लिहू, बाबा? भारदस्त शब्द आहे. चूक झाली, पण मुद्दाम नाही. लक्ष नव्हतं म्हणून."

"लक्ष नव्हतं?"

"तसाच वापरतात तो. हात कामात आणि मन भलतीकडे. कुणाचंही होतं, म्हणून कुणी फारसं रागवत नाही."

"झालं तर मग," आई घाईने म्हणाली. "माणूस आहे, जातं लक्ष. सही करा आणि मोकळे व्हा."

लेकीने वळणदार अक्षरात ओळ लिहिली आणि कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला. त्याने त्या शब्दावरून बोट फिरवलं. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तो पीठ मळत असताना बेकरीत कुणी त्याच्याशी बोलायला धजत नसे.

"आणि मन तिथंच असेल तर?" त्याने विचारलं. "त्याला कुठला शब्द?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई भाजीच्या भांड्यात डाव फिरवत राहिली. भांडं रिकामं होतं.

"मीठ घातलं की नाही, शंका आली होती मला," तो म्हणाला. "म्हणून पीठ जिभेवर ठेवून बघितलं. एकदा नाही, तीनदा."

डाव थांबला. लेकीने मांडीवरची डबी उचलली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

त्याने डबीकडे पाहिलं, मग दोघींच्या ताटांच्या कडेला सांडलेल्या पांढऱ्या कणांकडे.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस," आई म्हणाली. "शंका आली, म्हणून मुद्दामच मीठ घालत नव्हते. म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. तुम्ही आपले दोन-दोनदा वाढून घेताय! एवढं कौतुक तर माझ्या चांगल्या भाजीचंही कधी झालं नाही."

त्याला हसू फुटलं. पाठीवरचं पोतं उतरावं तसे त्याचे खांदे खाली आले. कागद त्याने लेकीकडे परत सरकवला.

"तो शब्द खोड. लिही, यापुढे मीठ तोलून घालीन. का, तेही लिही." त्याने एक लांब श्वास सोडला. "मला चव लागत नाही."