मुळं फुटली का?

मित्रांनो, मी ओढ्याकाठचा एक जुना वाळुंज वृक्ष आहे. आज माझ्या सावलीत बसून तुम्ही डबे उघडता. पण एकेकाळी मी नुसती हातभर काठी होतो.

तेव्हा हा सारा काठ घाणेरीच्या रानटी झुडपांनी गिळला होता. समोरच्या घरातल्या मावशींनी ती मुळासकट खणून काढली. मग उघडी पडलेली माती ओढ्यात ढासळू लागली. काठ बघायला आलेले सरकारी इंजिनिअरसाहेब मावशींना म्हणाले, "झाडं लावून बघा, एकवीस दिवस देतो. काही जगलेलं दिसलं नाही, तर काँक्रीटची भिंत घालणार."

वाळुंज इथलाच, मुळांनी माती धरून ठेवणारा. ओढ्याच्या वरच्या अंगाला एकच उरला होता. मावशींनी त्याच्या चाळीस काठ्या आणून काठावर खोचल्या. त्यांतलाच मी.

मावशींचे यजमान, म्हणजे काका, घड्याळे दुरुस्त करीत. काकांना धीर म्हणून नव्हता. रोज सकाळी ते गुपचूप येत, काठ्या उपटून खालचे टोक बघत आणि पुन्हा खोचत. केसासारखी कोवळी मुळे तटातट तुटत. आम्हाला ओरडताही येईना. मी दोन दगडांच्या फटीत अडकलो होतो, म्हणून वाचलो. अठराव्या दिवशी मात्र काकांनी मला दोन्ही हातांनी धरले. माझे पहिलेवहिले मूळ ताणले गेले.

"अहो, सोडा ते आधी!" मावशी धावत आल्या. "घड्याळ आहे का ते, मागचं झाकण उघडून बघायला?"

"अगं, मुळं फुटली का, तेवढंच बघत होतो."

"किती उपटल्या?"

काकांची मान खाली गेली. "ही तेवढी निघत नव्हती."

एकविसाव्या दिवशी साहेब आले. कुठेही एक पान नव्हते. भिंतीचा हुकूम लिहायला त्यांनी खिशातून पेन काढले.

"साहेब, हिची चूक नाही," काका पुढे झाले. "माझ्या हातांनी मेल्या त्या."

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले. "या काठीला जरा नखानं खरवडून बघा."

साहेबांचे नख सालीत रुतले. दुखले मला. पण खाली ओला, हिरवा रंग होता.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग पेन खिशात गेले. "आणखी एकवीस दिवस. नव्या काठ्या लावा. आणि यांना घरात कोंडा!"

काकांना कोणी कोंडले नाही. ते रोज येत आणि दोन्ही हात काखेत दाबून माझ्यासमोर बसत. माझे पहिले पान त्यांनीच पाहिले. तरी हात बाहेर काढला नाही.

आता मावशी-काका दोघेही नाहीत. भिंत कधी झालीच नाही, काठ मात्र शाबूत आहे. मित्रांनो, रोप लावाल तेव्हा पाणी घाला, जवळ बसा. पण ओढून बघू नका. खाली काम चालू असते.