रुमालातले दात

मुकादमिणीने गोळीच्या कागदी पेल्याला हात घातला, तसा सिस्टरने तो तिच्या बोटांतून काढून घेतला.

"द्या हो इकडे. मी देते त्यांना."

"नातेवाइकांच्या हातात औषध देत नाही, आजी. गोळी पेशंटच्याच हातात द्यायची आणि त्याने गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. इमर्जन्सीचा नियम आहे."

"आणि मी कोण? वाटेवरची?"

"तुम्ही नातेवाईक," म्हणत सिस्टरने पेला ट्रॉलीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा. "शिवाय डॉक्टरांनी घरच्या गोळ्या बघितल्याशिवाय ही पोटाची गोळीसुद्धा मिळायची नाही."

घरात मुलं-सुना तिला पाठीमागे मुकादमीण म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय त्या घरात कुणाच्या पानात मीठ पडत नसे. गोळ्यांचा डबा तर तिच्याच कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. आणि इथे ही काल जन्मलेली पोर तिला नियम शिकवत होती! आधी आपल्या बेसिनकडे बघा म्हणावं. कुणीतरी त्यात ओकून गेलं होतं आणि वर नुसता नळ सोडला होता. पडद्यावर वाळक्या रक्ताचे ठिपके. फिनेलच्या वासाखालून आणखी एक वास येत होता, त्याहून जुना.

त्यात हातात तो रुमाल. आत आल्या आल्या सिस्टरने म्हाताऱ्याची कवळी काढून तिच्या हातावर ठेवली होती, ओली, कोमट. तिने ती रुमालात गुंडाळून मूठ आवळली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्या कवळीला कधी बोट लावलं नव्हतं. ती रात्री ग्लासात जायची ती न्याहारीला बाहेर यायची, आणि त्या ग्लासाकडे बघूनसुद्धा तिला शिसारी यायची.

खाटेवर तिचा म्हातारा सलाइन लावून पडला होता. सकाळी न्हाणीघरात कोसळला. दार तोडून बाहेर काढला तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि मुकादमीण मनातून हादरली होती. ते तिने कुणाला दिसू दिलं नव्हतं.

डॉक्टर आला, नुकतं मिसरूड फुटलेला. तिने दिलेली गोळ्यांची पट्टी त्याने उजेडात धरली.

"ही नवी दिसते."

"गेल्या आठवड्यात बदलून दिली. ब्लडप्रेशरची."

"आणि चक्कर कधीपासून येते?"

"तेव्हापासूनच. वय झालं आता."

"वयाचं राहू द्या. ही गोळी पोटात दिवसभर हळूहळू विरघळते. अख्खीच गिळायची. चुरा केला की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं आणि प्रेशर धाडकन खाली येतं. फोडून घेता का ही?"

मुकादमीण पट्टीकडे बघत राहिली. रोज सकाळी, चहाच्याही आधी, ती खलबत्त्यात गोळी कुटायची, मधात कालवायची आणि चमचा त्याच्या तोंडात घालायची. फार पूर्वी एकदा गोळी त्याच्या घशात अडकली होती, तेव्हापासून. ही नवी जरा टणक निघाली, म्हणून तिने चार घाव जास्तच घातले होते.

"मीच चावतो," खाटेवरून म्हातारा म्हणाला. "सवय आहे. हिला नाही माहीत."

"काय हे आजोबा! जीव गेला असता आज." डॉक्टर तिच्याकडे वळला. "आजी, यापुढे गोळ्या यांच्या हातात देऊच नका. तुम्हीच द्या. तुमच्यासारखं कडक माणूस घरात आहे म्हणून बरं."

सिस्टरनेही मान डोलावली.

म्हाताऱ्याने बायकोकडे बघितलं आणि डोळे मिटले. खेळात लहान मुलाला मुद्दाम जिंकू द्यावं, तसे. उभ्या जन्मात तिच्यावर कुणी दया केली नव्हती. कुणाची तेवढी हिंमतच नव्हती. आणि केली ती या बोळक्या तोंडाने!

तिने रुमाल सोडला, कवळी उघड्या बोटांनी उचलली आणि डॉक्टरसमोर ट्रॉलीवर ठेवली.

"हे बघा यांचे दात. सकाळी गोळीच्या वेळी ग्लासात असतात. हे काय चावणार, कपाळ? मी कुटते. खलबत्त्यात. यांना धड खोटंसुद्धा बोलता येत नाही."

मग सिस्टरने डॉक्टरकडे बघितलं, पेला उचलला, म्हाताऱ्याला नाव विचारलं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं आणि पोटाची ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. मुकादमिणीचा हात सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"अडकेल हो," ती पुटपुटली.

म्हाताऱ्याने गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं. गेली.

"गिळता येते तुम्हाला?"

"येते."

"कधीपासून?"

त्याने पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"मध बरा लागायचा," तो म्हणाला.

"शी!" तिने तोंड फिरवलं. ट्रॉलीवरची कवळी उचलून ती त्या बेसिनपाशी गेली. आधी बेसिन खसाखसा घासून काढलं. मग नळाखाली कवळी धरली आणि एकेक दात बोटाने चोळून धुवायला लागली.