‘पाचट’चं कौतुक

अंगदच्या ‘पाचट’ या अल्बमला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा तो पुण्यात होता. पण कौतुक परगावी पचत नाही, ते घरी न्यावंच लागतं. शनिवारी पहिल्या एसटीनं तो पाथर्डीला उतरला आणि तिथून जीपनं गावी आला.

अल्बम ट्रिप-हॉपचा. म्हणजे संथ ठेका, पोटात घुमणारा बास आणि लांबून आल्यासारखे उदास आवाज. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला; ऊसतोडीतलं सगळं बालपण त्यानं लॅपटॉपवर आठ गाण्यांत ओतलं होतं. सहाव्या गाण्यात तर खुद्द आईचा, झुंबरबाईंचा आवाज होता. अंगदनं आठवीत असताना उसाच्या फडात मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. वडील भिमाजी चार वर्षांपूर्वी गेले. हा अल्बम त्यांच्यासाठी आहे, असं अंगद प्रत्येक मुलाखतीत सांगे. आईनं मात्र तो अजून ऐकला नव्हता, आणि बाकी सगळ्यांचं मत मिळालं तरी तिचं मिळेपर्यंत त्याला चैन नव्हतं.

झुंबरबाई ओसरीत बाजरी निवडत होत्या. अंगदनं आधी परीक्षणंच वाचून दाखवली. एका समीक्षकानं आठही गाणी एकाच रंगाची म्हटली होती. त्याचा राग अंगदनं आठ दिवस पोसला होता, म्हणून ते त्यानं वगळलं.

“हे ऐक. ‘सहाव्या गाण्यात एक विधवा विलाप करते. कोयत्याची गेली धार, एवढं म्हणून तिचा स्वर तुटतो. ही अर्धी ओळ म्हणजे या अल्बमचा कळस.’”

“कोन इधवा?”

“तूच की.”

“मी? आरं, तवा तुझा बाप जित्ता हुता.”

“त्यांना काय माहीत, आई!” अंगद हसला. त्यांना माहीत नव्हतं हे खरं, पण यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. आयता मिळालेला मोठेपणा कोण परत करतो?

“लाव बरं, बघू तरी,” झुंबरबाई म्हणाल्या.

त्यानं गाणं लावलं. संथ केलेला, ओळखू येईल न येईल असा तो आवाज ओसरीभर पसरला. ‘फडामागं फड सरलं, कोयत्याची गेली धार...’ मग नुसता बास. झुंबरबाईंचे हात सुपात थांबले. गाणं संपलं तरी त्या वाटच बघत होत्या.

“नाव कुठंय?”

“कसलं नाव?”

“आरं, उखाना हाय त्यो! पट्टा पडला त्या दिशीचा. शेवटची गाडी भरली आन टोळीतल्या लंकाबाईनं मला नाव घ्यायला लावलं. पुढं तुझ्या बापाचं नाव हाय की.”

अंगदला आठवत होतं. हंगाम संपल्याच्या आनंदात बायकांनी एकमेकींना उखाणे घ्यायला लावले होते. आईच्या उखाण्यावर वडील काहीतरी बोलले आणि सगळी टोळी हसली. “त्या हसण्यानं उदासी मोडत होती गं. म्हणून तिथंच कापलं,” तो म्हणाला.

झुंबरबाई रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या खाली बघून दाणे चिवडत राहिल्या.

“आता मला कोन नाव घे म्हनतंय? हळदीकुकवाला बोलवत न्हाईत. घेतलेलं तेवढंच एक हुतं कुटंतरी ठिवलेलं. ते बी तू काढलं.”

अंगदला स्वतःची लाज वाटली. वडिलांसाठी म्हणून केलेल्या अल्बममधून त्यानं वडिलांनाच बाहेर काढलं होतं, आणि लोकांनी त्याच जागी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानं लॅपटॉपमधून मूळ रेकॉर्डिंग शोधून लावलं. त्यात ठेका नव्हता, बास नव्हता; ट्रकची घरघर होती आणि तरण्या झुंबरबाईंचा चढा, लाजरा आवाज होता.

“फडामागं फड सरलं, कोयत्याची गेली धार, भिमाजीरावांच्या जोडीनं उचलला मोळ्यांचा भार!”

बायकांनी गलका केला आणि त्यातून भिमाजींचा आवाज आला, “आन माझ्या डोक्यावर काय कापूस हुता व्हय गं?” सगळा फड हसत सुटला.

तो आवाज कानी पडताच झुंबरबाईंचा हात आपसूक पदराकडे गेला. नवरा दारात येऊन उभा राहावा तसा त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला. अंगदला वर बघवेना.