एका फोटोत दोघी

मथुराबाईंनी पदराने चष्मा पुसला, फोनवर वाकल्या आणि पडद्याला बोट लागू न देता म्हणाल्या,

"ही तू का ती?"

"ती," कोकिळा म्हणाली.

"आन् ही?"

"ही मी."

"नक्की ना?"

"आई, मी मले ओळखणार नाही का?"

 यावर मथुराबाईंना बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सून आज कशाला बसली आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी जीभ आवरली.

दोघी बहिणींत तीन वर्षांचं अंतर. रुंद कपाळ तेच, हनुवटी तीच, हसताना डावा डोळा बारीक करायची खोडही तीच. माहेरी शाहपुरात त्यांचे वडील लीलाधर केळीच्या बागेत पाठमोरी लेक दिसली की हमखास दुसरीच्या नावाने हाक मारत. जन्मदात्याला जमलं नाही ते फोनला काय जमणार? त्याने चेहऱ्यांच्या यादीत दोघींना एकाच गोलात घातलं होतं आणि खाली फोटोंचा आकडा दिला होता, दोन हजार तीनशे सोळा. मधूनच तो दोन चेहरे शेजारी शेजारी मांडून अदबीने विचारायचा: ही एकच व्यक्ती आहे की वेगळी?

दिगंबर आज फोन घरी ठेवून वीज मंडळाच्या कचेरीत गेला होता. फोनशिवाय तो माणूस सिंधीपुऱ्याच्या कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नसे. सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला होता, "मेमरी फुल झाली, एक व्हिडिओ भी नहीं बनता. साफ करायचीच आहे, तर एकदाच सगळं करून टाक." सगळं म्हणजे काय, हे तो बोलला नाही. बुटाची नाडी मात्र त्याने दोनदा बांधली.

सगळं म्हणजे वंदना. त्याची पहिली बायको, कोकिळाची थोरली बहीण. मनू चौदा महिन्यांची असताना काविळीने गेली. वर्ष सरलं आणि दोन्ही घरची वडील माणसं शाहपुरात ओट्यावर बसली. बाहेरची बाई आणून लेकरू तिच्या हवाली करण्यापेक्षा मावशी काय वाईट? दगडापेक्षा वीट मऊ, असं लीलाधर म्हणाले. वीट जिला म्हटलं ती आत चहा गाळत होती. तिचा बी.एड.चा फॉर्म भरून झाला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी वंदनाचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरला, जुन्या लुगड्यात बांधून शाहपूरला गेला आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीत टांगला गेला. मनूला तिकडे कोणी नेत नसे. दुसऱ्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नव्या सुनेचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "वंदना लिही."

गुरुजींनी मान वर केली. "गेलेल्या सवाष्णीचं नाव? विचार करा."

"केला विचार. पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर तेच आहे, राशन कार्डावर तेच आहे. शाळेत कोणी विचारलं तर दोन नावं नकोत."

दिगंबरने लिहिलं. तांदूळ सरकत होते, तरी लिहिलं. तेव्हापासून गल्लीत, नातेवाइकांत, भिशीच्या बायकांत ती वंदना. कोकिळा उरली ती आधार कार्डावर, आणि सासूचं लक्ष नसताना सासूच्याच तोंडी.

हे सगळं अडीच वर्षं निभावलं. मग चार दिवसांपूर्वी मनू फोन बघत जेवत होती. आता पाच वर्षांची होईल, जूनमध्ये शाळेत जाईल, पण फोनशिवाय घास गिळत नाही. बघता बघता तिला शाहपूरच्या अंगणातला एक फोटो सापडला. दोघी बहिणी, दोघींच्या डोक्यात सारखाच गजरा. पोरगी उष्ट्या हाताने फोन घेऊन शेजारच्या गोदाबाईंकडे धावली.

"देखो, माझ्या दोन आई!"

गोदाबाईंच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी सुस्कारा सोडला. "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काही खोटं नाही, बाई."

मनूने विचारलं, "कौन मरी?"

त्या रात्री मथुराबाई जेवल्या नाहीत. त्या दुष्ट होत्या असं कोणी म्हणू नये. वंदनाला शेवटचे अकरा दिवस त्यांनीच चमच्याने पाणी पाजलं होतं. पण त्या स्वतः सावत्र आईच्या हाताखाली वाढलेल्या. सकाळी त्यांनी कोकिळाला जवळ बसवून सांगितलं, "मी सात वर्षांची होते. नदीवर धुणं धुताना एका बाईनं मले सांगितलं, तुझी माय ही नाही, ही सावत्र. त्या दिवसापासून तिच्या हातची भाकर मले गोड लागली नाही. बाई चांगली होती गं. तो शब्द वाईट. मनूले तो शब्द मी ऐकू देणार नाही."

कोकिळालाही तो ऐकू द्यायचा नव्हता. पोरगी झोपेत तिचं मंगळसूत्र मुठीत धरून झोपायची. ती मूठ सुटू नये म्हणून कोकिळा रात्रभर कूस बदलत नसे.

म्हणून आज दोघी बसल्या होत्या. मनू आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेली.

मथुराबाईंनी नियम सांगितला होता. जिथे दोघी आहेत तो फोटो काढायचा, आणि जिथे वंदना एकटी आहे तोही काढायचा. दोघींचे एकेचाळीस निघाले. कोकिळाने ते काढले. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, कचरापेटीत हलवायचा का? कोकिळाने ते वाचून दाखवलं तेव्हा मथुराबाई दचकल्या.

"कचऱ्यात? मेलेल्या माणसाचा फोटो कचऱ्यात टाकत नसतात. तापीत सोडतात."

"फोनले तापी नसते, आई."

मथुराबाईंनी मग प्रत्येक फोटोला हात जोडायचं ठरवलं. कोकिळा बटण दाबायची आणि म्हातारी डोळे मिटून नमस्कार करायची. मग वंदना एकटी असलेले फोटो आले. वंदना जैनाबादला तापीच्या काठावर, पाण्यात पाय सोडून. वंदना गच्चीवर, दात घासताना, चिडलेली. कोकिळाचं बोट अडखळायला लागलं. खरं सांगायचं तर तिला बहिणीचा रागच यायचा. मेली, सुटली, आणि आपलं घर, आपला नवरा, आपलं नावसुद्धा माझ्या अंगावर टाकून गेली. पण दात घासणाऱ्या वंदनाकडे बघून तो राग काही टिकेना.

"हा राहू द्या?"

"कोकिळे, मन घट्ट कर."

तिने मन घट्ट केलं. असे बारा फोटो गेले. तेरावा फोटो लग्नाचा होता. देवळामागच्या सभागृहातला, वीस-पंचवीस माणसं, कोणाच्या चेहऱ्यावर हसू नाही.

"हा तुझा," मथुराबाई चटकन म्हणाल्या. "हा ठेव. फ्रेम करून लावू."

कोकिळा फोटोकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटांनी तो मोठा केला आणि फोन सासूच्या पुढ्यात धरला.

"तुमच्या मांडीवर कोण आहे?"

"मनू."

"आईबापाच्या लग्नात लेकरू कसं आलं, असं तिनं विचारलं तर?"

 मथुराबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. कोकिळाने घाईघाईने मागचे फोटो उघडले. वंदनाचं लग्न. वाजंत्री, मांडव, दिगंबर घोड्यावर, वंदना हिरव्या शालूत. त्यात मनू नाही. मग वंदना सात महिन्यांची पोटुशी, डोहाळेजेवणाच्या झुल्यात. मग मनूचं बारसं, पाळण्याशी वंदना. सगळं जागच्या जागी. कोणत्याही लेकराने बघावं आणि म्हणावं, ही माझी आई.

मग तिने स्वतःचे उघडले, बहिणीने बघावेत म्हणून तेव्हा या फोनवर पाठवलेले. मनू दोन महिन्यांची असताना कोकिळा कॉलेजच्या निरोप समारंभात, गळ्यात काही नाही, ओढणी वाऱ्यावर. मनू दात काढत होती तेव्हा कोकिळा मैत्रिणींबरोबर असीरगडावर, तोफेवर बसलेली. फोटोखाली तारखा होत्या.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मथुराबाईंना आधी काही कळलंच नाही. "आपण चुकीच्या बाईले काढतो आहोत. तिचे फोटो खोटे पडत नाहीत. माझे पडतात."

"म्हणजे?"

"तिचे सगळे ठेवू. ती मीच आहे असं सांगू. मले काढावं लागेल."

"सगळे?"

"लग्नाच्या आधीचे सगळे. लग्नाचाही."

मथुराबाईंनी तिचा हात धरला. ही गोष्ट त्यांनी आजवर कधी केली नव्हती. "असं नको करू, पोरी. तुझी काही आठवण राहिली पाहिजे ना."

"माझे पुन्हा काढता येतील. तिचे कुठून आणायचे?"

 मथुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा ठेवते म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. तिथून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

कोकिळाने आधी ते बारा फोटो कचरापेटीतून परत आणले. दात घासणारी वंदना परत गच्चीवर चिडून उभी राहिली. मग तिने स्वतःच्या फोटोंना हात घातला. निरोप समारंभ गेला. असीरगड गेला. कडूमामाच्या ट्रॅक्टरवर बसलेली कोकिळा, केळीच्या घडाला टेकून उभी असलेली कोकिळा, बी.एड.च्या फॉर्मसाठी काढलेला पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो. फोन अजून विचारतच होता, ही एकच व्यक्ती आहे की वेगळी? ती दरवेळी 'एकच' दाबत गेली. तिला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही. नुसतं पोट रिकामं झाल्यासारखं वाटलं, उपासाच्या दुसऱ्या दिवशी वाटतं तसं. शेवटी तिने कचरापेटीही रिकामी केली. सभागृहातलं लग्न आणि अंगणातले दोन गजरे त्या पेटीतच होते. फोनने खात्री करून घेतली आणि नऊ जीबी जागा मोकळी झाल्याचं कळवलं.

एक फोटो मात्र तिच्या हातून राहून गेला होता. चेहरे ओळखायच्या भानगडीत फोनने तो वेगळाच कुठेतरी ठेवला होता. दवाखाना, मनूच्या जन्माचा दिवस. मागे पलंगावर वंदना, केस विस्कटलेले, थकलेली. पुढे कोकिळा, दोन्ही हातांवर दुपट्यात गुंडाळलेली मनू. वंदना बाळाकडे बघत नव्हती. ती बहिणीकडे बघून हसत होती, डावा डोळा बारीक करून.

मनूचा जन्मल्या दिवशीचा तेवढा एकच फोटो होता. काढला तर पोरीचा जन्मच जाणार. कोकिळाने कापायचं बटण दाबलं. चौकट डावीकडून सरकवली तर वंदना जात होती. वरून सरकवली तर ती स्वतः. तिने चौकट दोन-तीनदा इकडे-तिकडे केली, मग वरची कड खाली ओढत आणली, कोपऱ्यातून तिरकी केली. आधी तिचे केस गेले, मग कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. ती बरोबर खांद्याखाली थांबली. मागे पलंगावर वंदना शाबूत राहिली. पुढे बाळ, आणि बाळाखाली दोन हात, बांगड्या नसलेले.

तिने तो तसाच ठेवला.

"आई."

मनू दारात उभी होती, गालावर उशीचे वळ. ती येऊन कोकिळाच्या मांडीत शिरली आणि फोन स्वतःच्या बाजूला वळवून घेतला.

"ये मैं हूँ?"

"हो. तेव्हा नुकतीच झालेली."

"आन् ही तू. हसतेस."

कोकिळाने मान हलवली.

स्वयंपाकघराच्या दारात मथुराबाई चहाचे कप घेऊन थांबल्या. मनूने पडद्याला नाक लावलं, बोटाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"तू तर पलंगावर आहेस. मग मले कोणी धरलंय?"

"नर्सबाईंनी," कोकिळा म्हणाली.

"त्यांचं नाव काय?"

मथुराबाईंनी कप तिथेच खाली ठेवले. कोकिळाने मनूच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस मागे सारले.

"आठवत नाही गं," ती म्हणाली. "चल, दूध पी."