गेलेली कळ

दात शिवशिवणं म्हणजे काय, हे ज्याचे कधी शिवशिवले नाहीत त्याला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि माझं काम काय, तर आइस्क्रीम चाखायचं! कारखान्यात बॅच गोठून तयार झाली की तिचा एक डबा माझ्या टेबलावर यायचा. चमचाभर तोंडात घ्यायचं, पुढच्या दातांनी हलकेच चावायचं आणि सांगायचं, पाठवा किंवा ठेवा. मी 'ठेवा' म्हटलं की साहेबसुद्धा हूं की चूं करायचे नाहीत. "बाईंची जीभ आहे ती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मलाही ते खरंच वाटायचं. कौतुक कोणाला नको असतं?

पण दर घासाला कळ थेट कानापर्यंत जायची. घरी येऊन गाल धरून बसायचे, कोमट पाण्याशिवाय काही तोंडात घेववायचं नाही. माझी धाकटी बहीण हे रोज बघायची. तिला नवऱ्याने टाकलं तेव्हा मीच तिला घरी आणलं होतं, साहेबांच्या मागे लागून चाखायच्या टेबलावर माझ्या हाताखाली चिकटवलीही मीच. एके दिवशी तिने शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट आणून माझ्या हातात ठेवली. "ताई, बघवत नाही गं तुझ्याकडे," म्हणाली. माझे डोळेच भरून आले.

मी आपली शहाणी, आधी दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, "घासघासून हिरड्या खाली सरकवल्यात तुम्ही, मुळं उघडी पडलीत. पेस्ट लावा, पण जादू नाही हं ती. काही आठवडे नेमाने लावा. बंद केलीत की कळ परत येईल." पहिले काही दिवस कसला डोंबलाचा फरक! मग कळ हळूहळू बोथट झाली आणि एक दिवस फ्रीजमधलं पाणी मी घटाघटा प्यायले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! धाकटीला मिठीच मारली.

त्यानंतर ती बॅच आली. गोदामातलं माल थंड ठेवायचं यंत्र मध्येच बंद पडलं होतं म्हणे, पण आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी चाखलं. गोड, मऊ, छान. "पाठवा," म्हटलं.

धाकटीनेही चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, वितळून परत गोठलंय हे. बर्फ लागतोय."

"तू कालची आलेली, मला शिकवतेस?" सगळ्यांदेखत मी तिला झापलं. साहेबांनी माझा शब्द मानला. माल गेला आणि दुकानादुकानांतून परत आला. साहेब माझ्यावर ओरडलेही नाहीत. टेबल धाकटीला दिलं आणि मला डब्यांना झाकणं लावायला बसवलं. हातमोजे घालून, नव्या पोरींच्या रांगेत. त्या पोरी मला 'मावशी' म्हणू लागल्या. अशी आग व्हायची अंगाची!

माझी जीभ गेली कुठे, हे काही केल्या मला कळेना. एकदा जेवणाच्या सुट्टीत परत आलेल्या मालातला डबा आणि नवा डबा शेजारी ठेवून चाखले. जिभेला बारीकसा फरक लागला, नाही असं नाही, पण त्यावर पैज लावायची हिंमत होईना. आणि एकदम लख्ख आठवलं. खराब माल आला की पूर्वी माझी कळ जास्त वेळ टिकायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तेव्हाच मी 'ठेवा' म्हणायचे. बर्फाचे कण दातांना लागायचे. जीभ कसली, दात होते मेले!

पेस्ट त्याच दिवशी बंद केली. कळ परत यायला वेळ लागला, पण आली. पाण्याच्या पहिल्या घोटाला सणक गेली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून हसले. वेडीच की! दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन म्हटलं, घ्या परीक्षा. त्यांनी न सांगता वाट्या बदलून बदलून दिल्या. मी एकदाही चुकले नाही.

"बरोबर आहे, बाई," साहेब म्हणाले. "पण तुमची बहीणही चुकत नाही. मग तिला कोणत्या तोंडाने उठवू?"

घरी आले तेव्हा धाकटी भाजी चिरत होती. माझ्या पोटात काही राहत नाही, सगळं तिला सांगून टाकलं. कळ, बर्फाचे कण, ती पेस्ट. म्हटलं, "तूही कधी लावू नकोस बाई, हातचं काम जाईल."

"माहितेय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तुला देण्याआधी मीच एक ट्यूब वापरून बघितली होती. माझेही शिवशिवतात ना. दुखणं थांबलं, पण चांगलं-वाईट कळेनासं झालं. म्हणून सोडली." ती चिरतच होती.

"आणि मग मला आणून दिलीस?"

आता कुठे तिने मान वर केली. "तुझे दात दुखत होते ना, ताई," ती म्हणाली.